टाकी धुणारा

अजमानला, नुऐमियातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर
मी टाकीत उतरलो तेव्हा पाणी चहाला ठेवल्यासारखं कढत होतं.
झाकण कधीपासून तिरकं होतं कोण जाणे.
तळाशी गाळ, शेवाळ,
आणि एक कबुतर, म्हणजे त्याची उरलेली पिसं.
वॉचमन म्हणाला, फोटो काढू नको.

खाली तिसऱ्या मजल्यावर, प्लायवूडच्या चौथ्या खणात
रुकेयाचा तुहिन चार दिवस जुलाबाने झिजतोय.
अकरा महिन्यांचा आहे. उचलला की हातात नुसतं झबलं येतं.
दुधाच्या पावडरीचा डबा पगारापर्यंत पुरायला हवा
म्हणून ती एका चमच्यात दोन चमच्यांचं पाणी घालते.
बाटली पांढरी दिसते, बास.
"पेट तो भरता है ना?"
मी टाकीबद्दल सांगणार होतो, ते राहूनच गेलं.

पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली.
ती तशीच उभी राहिली, घडी मोडायला विसरल्यासारखी.
टाळू खोल. रडतोय, पण डोळे कोरडे.

हे मला कळतं ते मोखाड्यामुळे.
अंगणवाडीच्या ओट्यावर बाईंनी बहिणीच्या दंडाला पट्टी गुंडाळली होती,
हिरवी, पिवळी, लाल.
बहीण लाल निघाली.
मी गल्लीभर सांगत सुटलो,
मला वाटलं लाल म्हणजे पहिला नंबर.

बाईंचं माप अजून पाठ आहे :
लिटरभर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.
आधी स्वतः चाखायचं.
आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं.

दुकानातून बंद बाटली आणली.
रुकेयाने चाखलं, ओठ पुसले, म्हणाली, ठीक है.
मग चमचा, थांबा, चमचा.
ओकला की दहा मिनिटं थांबा, पुन्हा चमचा.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं,
पलीकडच्या खणात कोणीतरी व्हिडिओ कॉलवर
घरच्यांना सांगत होतं, इथे सगळं मजेत आहे.

पहाटेच्या बांगेला तुहिनने माझ्या मांडीवर लघवी केली.
कंपनीच्या निळ्या पँटवर, कोमट, बोटभर ओल.
रुकेया माफी मागत फडकं शोधू लागली.
मी म्हटलं, राहू दे, पुसू नको.

उजाडल्यावर दवाखान्यात जा म्हटलं,
तर ती उशीच्या अभ्र्यात कागद चाचपडत बसली.
जे सापडले ते कुणा दुसरीच्या नावाचे होते.
डब्याच्या तळाशी चमचा वाजत होता.
मला सातला पुढची इमारत. तिथे चार टाक्या.