एकास दोन हजार

स्टोअरच्या आगुस्तिनला माझी मागणी पाठ आहे:
पिवळ्या पेन्सिली सहा, खोडरबर दोन.
"हिरवी कधीच नको असते तुला?"
हिरवी आहे, म्हणतो मी.
कामावर रुजू झालो त्या साली मिळालेली,
टोकाशी जराशी बोथट,
अंगावरची सोनेरी अक्षरं अजून शाबूत.

पिवळी म्हणजे वस्ती. हिरवी म्हणजे बागायत.
निळ्या तिरक्या रेघा म्हणजे खाजन,
जिथं भरतीचं पाणी मानशीतून येतं
आणि मानशीतूनच परत जातं.
मी रंगवतो. ठरवत नाही.
ठरवणारे पंख्याखाली बसतात,
आणि नकाशा उडू नये म्हणून
मी त्याच्या चार कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवतो.

आज विषय सातवा.
सर्व्हे नंबर एकशे बारा, पोटहिस्सा तीन.
मालक लिस्बनला,
मुखत्यार पहिल्या रांगेत, मांडीवर हेल्मेट.
सूचक नास्नोडकर, अनुमोदक फ्रँकी कार्दोज,
जे मागच्या बैठकीत
एकमेकांच्या अंगावर फायली फेकत होते.
"आपली नुसती शिफारस," मुख्याधिकारी म्हणाले,
"पुढचं पणजी बघेल."
पणजीत म्हणतात, पालिकेची शिफारस होती.
हे वर्तुळ काढायला कंपास लागत नाही.

तेवढ्यात दारात गुलाबी मयेकर.
काखेत रिकामी पाटी, लुगड्याला सुक्या मिरचीची धूळ.
पंख्यानं ती फिरवली
आणि अख्खं मंडळ शिंकलं.
हरकत घ्यायला आलेय, म्हणाली.
मुदत तीस दिवसांची. काल संपली, गुरुवारी.
"मी म्हापशाला बाजाराच्या दिवशीच येते."
"बाई, नोटीस चार शुक्रवार फळ्यावर होती."
"होती की. वाचली मी. चौथी शिकलेय.
एकशे बारा तीन, असं लिहिलं होतं.
म्हटलं, असेल कुणाची तरी जागा.
आमच्या शेताला आम्ही सुंगटमळी म्हणतो."

कुणी हसलं नाही.
हे इतिवृत्तात येणार नाही.

ती टेबलाशी आली. "ह्यात बांध कुठाय?"
मी शोधला.
एकास दोन हजार:
माझ्या अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेत
जमिनीवरचा एक मीटर मावतो.
तिच्या सासऱ्यानं चिखल रचून उचललेला,
दर मे महिन्यात तिनं हातांनी लिंपलेला,
समोरासमोर दोघं आले तर
एकाला खाली उतरावं लागतं, असा तो बांध
माझ्या रेघेखाली होता,
बरोब्बर रेघेएवढा.
इतकी वर्षं हद्द समजून मी तोच ओढत होतो.

"इथं," मी म्हणालो.
तिनं बोट ठेवलं. उचललं तेव्हा
कागदावर लालसर ठसा होता.
माझ्या खुणांच्या यादीत तो रंग नाही.

ठराव संमत, नऊ विरुद्ध दोन.
हरकत मुदतबाह्य, सबब नोंद नाही.
पाटी उचलता उचलता ती म्हणाली,
"मग मानशीची फळी आता कोण काढणार
तेवढं लिहून ठेवा.
परवा अमावास्या आहे."
मुख्याधिकाऱ्यांनी विषय आठवा पुकारला,
बसस्थानकाजवळचे गाडे.

संध्याकाळी खोलीत मी एकटा.
खोडरबरानं डाग गेला नाही, पसरला.
पिवळीला टोक काढून बसलो.
खाजनाच्या निळ्या रेघांवरून पिवळा फिरवला
की खालून हिरवट दिसायला लागतं,
म्हणून दोनदा फिरवायची असते, दाबून,
हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

मी एकदाच फिरवली.