किल्लावाले पुढे या

सातवी ब मधल्या एकोणतीस जणांना
किल्ला म्हणजे सिग्नल.
किल्ला म्हणजे तो स्टॉप, जिथे कंडक्टर
दांड्यावर पंच आपटून ओरडतो
‘किल्लावाले पुढे या!’
आणि पुढे येतात ऑफिसचे डबे,
कोर्टाच्या तारखेला निघालेला एखादा म्हातारा,
पाटीला धक्का लावू नका म्हणणारी
दिवाळे गावची कोळीण.

दिवाळीत हीच मुलं सोसायटीच्या पार्किंगमध्ये
विटा, पोती, लाल माती जमवून
रायगड करतात, प्रतापगड करतात,
वर हळीव पेरतात.
बेलापूर कुणी केला नाही.
विचारलं तर प्रचिती मढवी म्हणाली,
‘बाई, त्याचं काय करायचं? तो पडलेलाच आहे.’

मग पालकांची संमतीपत्रं,
मुख्याध्यापकांची सही
(‘एवढ्या जवळ कसली सहल?’),
पाण्याच्या बाटल्या, जोडीजोडीने हात,
आणि आदल्या दिवशी फळ्यावर मी लिहून दिलेलं:
सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज.
चार शब्द, मध्ये स्वल्पविराम.
एकेका स्वल्पविरामात किती माणसं गेली
ते पुस्तकात नाही. माझ्याकडेही नाही.

बुरूज उभा होता. म्हणजे अर्धा.
दगडांनी मुळं धरली होती की मुळांनी दगड,
सांगता येईना.
चिप्सची पाकिटं, खडूने काढलेला बदाम, त्यात बाण,
पलीकडे खाडी,
अलीकडे अठ्ठाविसाव्या मजल्यावर पोचलेलं बांधकाम.
मी माझं बोलायला लागले.
पोरं भुयार शोधायला लागली.
लोक म्हणतात, ते थेट घारापुरीला निघतं.
जैद मुकादमने एका बिळाचा वास घेऊन सांगितलं,
निघतं.

बसवराज तेवढा भिंतीला चिकटून.
बाप गवंडी, समोरच्याच त्या टॉवरवर.
ही याची पाचवी शाळा,
सनावळ्यांना मागच्या चाचणीत दहापैकी दोन.
नखाने चुना खरवडून बघत होता.
मी ओरडणार, तेवढ्यात
त्याने वीत लावली, एका दगडाला, मग दुसऱ्या,
सांध्यावरून बोट वर वर नेलं
आणि स्वतःच्या खांद्यापाशी थांबवलं.

‘बाई, हितून गवंडी बदललाय.’

कशावरून रे?

‘खालचा दगड बसवून घेतलाय. वरचा नुसता ठेवलाय.
खालच्याला वेळ होता.’
मग जरा थांबून,
‘वरच्याच्या मागं कोणतरी उभा होता.’

माझ्या चार शब्दांमधला एक स्वल्पविराम
तिथे होता बहुतेक,
सातवीतल्या मुलाच्या खांद्याएवढ्या उंचीवर,
बोटाला लागेल असा.
कोणता, ते मला सांगता आलं नाही.
एकोणीस वर्षं मी इतिहास शिकवते.

सहामाहीला प्रश्न घातला:
परिसरातील एका वास्तूची माहिती लिहा. गुण पाच.
सगळ्यांनी माझंच मला परत दिलं,
स्वल्पविरामांसकट.
भुयार अकरा जणांच्या उत्तरात होतं,
एकाच्यात तर दिव्यांसह.
बसवराजची उत्तरपत्रिका नाही.
टॉवरचा शेवटचा स्लॅब पडला, बाप उलव्याला गेला,
दाखला न्यायलाही कुणी आलं नाही.

परवा शाळा सुटल्यावर
कंडक्टर ओरडला, तशी मी पुढे झाले.
उतरले एकटीच.
बोट फिरवत राहिले खालून वर, वरून खाली.
सगळे दगड मला सारखेच लागत होते.
रखवालदार लांबून बघत होता, शेवटी जवळ आला,
‘बाई, काय हरवलंय का?’

उलट्या बाजूची बस धरली.
सुट्टे पैसे देताना कंडक्टर माझ्या हाताकडे बघायला लागला.
नखांत चुना होता.