उन्हाची हजेरी

वादळात फणस पडला
आणि केळशीतल्या आमच्या मागच्या अंगणात
पहिल्यांदाच दुपार झाली.

एकतीस वर्षं तिथे सावलीच राहायला होती.
धुणं पुढच्या दारी वाळायचं,
मागे शेवाळ, अळू, खेकड्यांची बिळं.

शाळेत कारकून होते. हात गप्प बसत नाहीत.
एक कोरा हजेरीपट घरी राहिला होता, तो काढला.
मुलांच्या नावांच्या जागी लिहिलं:
विहिरीचा कठडा. गडग्याची कड.
न्हाणीची मोरी. फणसाचा खड्डा.
आणि दर तासाला छत्री घेऊन बाहेर,
ऊन कुठे हजर, कुठे गैरहजर.
गडगा साडेसात तास, एक खाडा नाही.
मोरी उशिरा येते, लवकर जाते,
तिला विचारण्यात अर्थ नाही.

बियांच्या पाकिटावर छापलेलं, 'भरपूर ऊन हवे'.
भरपूर म्हणजे किती?
दापोलीचा दुकानदार हसला,
बाई, कोकणात ऊन काय मोजायचं?
मोजायचं. नवीन माणूस घरात आला
की पहिले चार दिवस
तो किती जेवतो ते बघतोच ना आपण.

झिनिया नाही घेतला,
चित्रातच फार नटला होता.
कॉसमॉस घेतला, देठ बघून. इतका बारीक
की वाऱ्याशी भांडायला त्याच्याकडे काही नाही.
खड्ड्याच्या कडेने ऑफिस टाइम लावलं.
मी निवृत्त झाल्यापासून या घरात
दहाला कुणी उघडत नव्हतं.
कोंबड्याचं बी साजिदा मुकादमने दिलं,
औषधाच्या चिठ्ठीत बांधून:
राखेत कालव गं, नाहीतर मुंग्या नेतील.

लोक म्हणाले, फणसच लाव परत.
लावीन म्हटलं. फळ धरेपर्यंत
मी सत्तरीच्या पलीकडे.
तोवर हे एका वर्षाचं चालू दे,
येतं, फुलतं, बी सोडतं, जातं,
कुणाच्या नावावर करावं लागत नाही.

पहिलं पेरलं ते श्रावणात. कुजलं.
घाई माझीच.
दुसऱ्यांदा दसऱ्यानंतर,
जवळ्याची कुटी मिसळून. रात्रीतून
वाडीतल्या तीन मांजरांनी वाफा उकरला.
तिसऱ्यांदा करवंदीच्या काट्या पसरल्या वर,
आणि हजेरीपटात मांजरांची नावं लिहिली.

गवत भाचीने आणलं पुण्याहून,
कुंडीत, लेबलासकट, एकशेऐंशी रुपये.
गुलाबी तुरे, खारीच्या शेपटीसारखे.
ते समुद्राच्या बाजूला लावलं,
खारा वारा आधी त्याने खावा,
मग फुलांनी.
रावजी गोरिवले गडग्यावरून बघत उभा:
पैसं देवन गवात आनलंत, बाय?
सड्यावर अख्खा कार्तिक वाकून कापतो तो हेच.
काय सांगणार? म्हटलं, शोभेचं आहे.
'शोभेचं' हा शब्द त्याने
तोंडात इकडून तिकडे फिरवला
आणि विडीबरोबर थुंकला.

आठवड्याने मी बँकेतून आले
तर वाऱ्याची बाजू उघडी.
विळा कमरेला लावून रावजी खूश,
तुमचं रान साफ करून टाकलं, पैसं नको.
मी पायरीवर बसले. रागवायला
तोंड उघडलं, शब्द आला नाही.

संध्याकाळी तोच परत आला, पडल्या चेहऱ्याने.
बाय, गाय तोंड लावीत नाय तुमच्या गवताला.
आणि मग कुठूनसं त्याला कळलं असावं,
कारण दुसऱ्या दिवशी पायरीवर
सड्यावरचा एक गड्डा,
मुळांना लाल माती तशीच.
ह्ये घ्या. ह्ये फुकटचं.

लावला, कापलेल्या बुंध्याशेजारी.
तोही पंधरा दिवसांत फुटला, मुकाट्याने.

आता माघ. कॉसमॉसचं बी काढून झालं,
कोंबडे काळे पडलेत, ऑफिस टाइम
अकरा वाजले तरी उघडत नाही.
दोन्ही गवतं वाळून एकाच रंगाची,
एकाच बाजूला कललेली,
आणि पैशाचं कुठलं
मला ओळखता येत नाही.
रावजीला येतं.
गाईला तर येतंच.