इस्त्री केलेला कागद

मिणचेशेठच्या बंगल्यात डिसेंबरातले चार दिवस
मी भेटी बांधायला जाते.
मिरजेहून सिटी बस, विश्रामबागला उतरायचं, मग चालत.
फाटकावरचा वॉचमन विचारतो, "कुठं?"
दर वर्षी विचारतो.

हळदीतला पैसा आहे, तीन पिढ्यांचा.
नाताळशी तसा त्यांचा संबंध नाही.
नातवंडं सिंगापूरला गेली आणि सुट्टीला येताना
झाड घेऊन आली, प्लॅस्टिकचं, घडीचं.
तेव्हापासून ते दिवाणखान्यात
महावीरांच्या तसबिरीपासून जरा अंतर राखून
उभं असतं.
ते ख्रिसमस म्हणतात. आम्ही नाताळ.

मला वाटायचं, एवढा पैसा, ढीग पडत असेल.
पहिल्या वर्षी पद्माक्कांनी यादी ठेवली समोर:
एका पोराला एक वस्तू. पाचशेच्या वर नाही.
बिल आतच घालायचं, कळू दे पोरांना भाव.
आणि खालच्या कपाटातून काढला कागद
गेल्या वर्षीचा, त्याच्याही आधीचा,
इस्त्री केलेला, आकारानं लावलेला,
कडांना जुन्या चिकटपट्टीचे पिवळे ओठ.
"आमच्यात फाडत नाही कोणी," म्हणाल्या,
"नखानं सोडवतात."

तर मी बांधते.
धाकट्या अर्णिकाला रंगपेटी, साडेतीनशे.
नमनला बुद्धिबळ, प्रवासात न्यायचं, चुंबकाचं.
जुन्या घडीवर नवी घडी बसत नाही,
कागद हट्टानं गेल्या वर्षीच्या खोक्याकडं वळतो,
मी अंगठ्यानं दाबत राहते.

शेवटी आजोबांची पाकिटं येतात.
ती बांधायची नसतात, नुसता दोरा गुंडाळायचा.
एकदा एक उघडं होतं.
नमनच्या नावानं कवठेपिरानच्या शिवारात
सव्वा एकर, विहिरीच्या निम्म्या हिश्शासकट.
म्हणजे पाचशेचा नियम वस्तूंना होता.
जमीन बांधायला कागद लागत नाही,
ती कागदच असते.

वॉचमन, स्वैपाकीण, दोन ड्रायव्हर आणि मी,
आम्हाला एकेक सोलापुरी चादर, अर्धा किलो बेदाणा
आणि अक्कांचं विचारणं, "पोरगी कितवीला?"
मनापासून विचारतात. उत्तर विसरतात.
वाईट नाहीत हो.

मी रूथला बूट घेतले. बाराशे चाळीस,
तीन हप्त्यांत, दुकानदार ओळखीचा.
हिशेबानं बघितलं तर त्या घरातल्या कुठल्याही खोक्यापेक्षा
माझ्या पोरीचं खोकं महाग.
हे मी बसमध्ये मनाशी दोनदा म्हणून बघितलं.
दुसऱ्यांदा तेवढं गोड लागलं नाही.

कागदही नवा घेतला. लाल, चांदण्यांचा,
वीस रुपयांना एक ताव, दुकानातून गुंडाळी करून आणला
तो बसमध्ये कुणाच्या कोपराखाली येऊ नये म्हणून
छातीशी धरलेला.

चोवीसच्या रात्री घरभर करंज्यांचा वास,
जोसेफ पत्र्यावर चढून चांदणीची वायर ओढतोय,
खाली कॅरलवाली पोरं चहासाठी थांबलेली,
आणि रूथ खोकं मांडीवर घेऊन
नखानं चिकटपट्टी सोडवायला लागली.

माझंच बघून शिकली असणार.
चार दिवस हात तेच करतात, घरीही करत असतील.

"फाड," म्हटलं.
तिनं बघितलं माझ्याकडं.
"फाड की गं. सगळा फाड."

काय आवाज झाला!
कॅरलवाल्यांतलं एक पोरगं दारातून डोकावलं.
चांदण्यांचे तुकडे करंज्यांच्या परातीत, माझ्या पदरावर,
एक तर थेट चुलीमागं, तो मला
पुढं मार्चात झाडताना सापडला.

बूट एक नंबर मोठे निघाले.
निघाले कसले, मीच मोठे घेतलेले,
पुढच्या वर्षीही चालतील म्हणून.
पुढं कापूस कोंबला दोन्हीत
आणि सकाळी देवळात जाताना
सबंध गल्लीभर तिची पावलं वाजत होती,
पायापेक्षा जरा उशिरा.