बॅटरी

मी विंगेत बसतो, डिझेलच्या रिकाम्या पिंपावर,
एका हातात वही, दुसऱ्या हातात बॅटरी.
तेवीस वर्षं झाली. माझं तोंड कुणी पाहिलं नाही,
पण या झाडीपट्टीत रंगमंचावर जेवढे बाप मेले
त्यांचे शेवटचे शब्द आधी माझ्या तोंडून गेले.

चिखलटोल्यात त्या रात्री 'कुंकवाची उधारी'.
दिवसा शंकरपट झालेला, बैलांच्या खुरांवरच मांडव.
तनशीवर हजारभर माणसं, पोरं कानटोप्यांत,
आणि पहिल्या रांगेत, मालकाने मुद्दाम मांडलेल्या
गादीच्या खुर्चीत नागपूरचे खानझोडे सर :
शाल, पॅड, थर्मास.

तिसरा अंक. सासरा वनमालेला विचारतो,
"बोल, कोणाच्या भरवशावर उभी आहेस या घरात?"
तिचं उत्तर दीड पानाचं. टाळ्यांची जागा.
मी वाकलो, आणि बॅटरी विझली.
झटकली. मांडीवर आपटली. सेल मेले होते.
नवं नाटक, चौथाच प्रयोग, मला पाठ नव्हतं.
पाठ राहत असतं तर मीच नट झालो नसतो?

ती उभी.
ऑर्गनवाल्याचं बोट एका काळ्या पट्टीवर अडलेलं.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग पाहणं सोडलं.
मागे कुणी शेंगा फोडत होता, तोही थांबला.

आणि बायकांच्या बाजूने, चादरीच्या आतून :
"कोनाच्याच नाई, आपल्या पायावर उभी आहो,
असं सांग वो बाई त्याले!"

वनमाला आवाजाकडे वळली. मान हलवली.
आणि सरळ निघून गेली, विंगेत, माझ्या अंगावरून.
सासऱ्याची पुढची चार पानं वाया.

रविवारच्या पुरवणीत आलं.
वडशाच्या कंडक्टरने कात्रण आणून दिलं :
नाटक बटबटीत. लावणी अनाठायी.
खलनायक घसा बसेपर्यंत ओरडतो.
अपवाद एकच, दिग्दर्शकाने धाडसाने योजलेलं
तिसऱ्या अंकातलं मौन.
दुर्दैवाने एका प्रेक्षक स्त्रीने त्याचा भंग केला.

डोमाजी मालकाने ते तीनदा वाचून घेतलं
आणि लॅमिनेशनला दिलं.

चिखलटोल्याचा निकाल तर आधीच लागला होता,
सकाळी, आम्ही बांबू सोडत असताना, टपरीवर.
"मस्त जी, पन हिरोइन मधातच भुलली.
तिकिटाचे शंभर घेता ना?" भिवा कोहळे म्हणाला.
पोरांना लावणी अजून एक हवी होती.
आणि मडावी, सुतार, बराच वेळ गप्प बसून,
"तो कुऱ्हाड कसा धरते? असा दांडा धरला
त आपल्याच पायावर पडते."
हे पेपरात नव्हतं.

हापशीवर ती भेटली. आवाजावरून ओळखली,
पोराला हाक मारत होती.
मी विचारलं, रात्री तुम्हीच बोलल्या का जी?
"मी काहून बोलू?" तिने गुंड डोक्यावर घेतला.
"मी त झोपली होती."

आता मालकाचा हुकूम आहे.
वहीत लाल पेनाने लिहून घेतलंय :
इथे बॅटरी बंद. मौन.

मोहतुऱ्याला लोक हसले.
सावरटोल्याला एकाने ओरडून सांगितलं, जनरेटर पाहा.
वनमाला म्हणते, दीड पान बोलणं सोपं होतं,
हे जड जातं, आणि नाइट तेवढीच.

मी नवे सेल टाकलेत.
ठरल्या ओळीवर बटण दाबतो,
अंधारात वही मिटून
बायकांच्या बाजूला कान देऊन बसतो.
अजून तरी कुणी
झोपेत बोललेलं नाही.