देवा आणि सेवा

नाव एकच, अल नाहदा. मधून रस्ता जातो.
पलीकडे दुबई, अलीकडे शारजा.
कालिंदीच्या स्वयंपाकघरातली ट्यूब
माझ्या बाल्कनीतून दिसते.
सातशे पावलं असतील, फार तर आठशे.
गाडीनं गेलं तर पाऊण तास,
शिवाय पार्किंग.

तिचं वीजबिल ‘देवा’चं, आमचं ‘सेवा’चं.
खात्यांची नावंच तशी पडलीत;
मराठी माणसाला वाळवंटात एवढं हसू फुकट मिळतं.
‘आमच्यावर देवाची कृपा,’ ती म्हणते.
‘कृपेचं भाडं किती ग?’ मी विचारते.

मग ती मेट्रो काढते.
मी पुस्तकांची जत्रा काढते.
ती म्हणते, तुमच्याकडची माणसं पहाटे पाचला निघतात, बिचारी.
मी म्हणते, निघतात ती तुमचीच ऑफिसं उघडायला.
क्रिकेटचं निघालं की मात्र ती गप्प,
कारण श्रीरंगनं तिला मागणी घातली
ती शारजाच्या स्टेडियमबाहेर,
तिकिटं संपल्यावर.

कुसैसवाले मुवैलाला हसतात.
मुवैलावाले म्हणतात, निदान आमच्या खिडकीत आभाळ आहे.
आणि काहीच सुचलं नाही
की आम्ही दोघी मिळून अजमानला हसतो.
(अजमानची रेवा चाफेकर
उम्म अल कुवैनला हसते. तिचं ती बघून घेईल.)

जुलैत एका रात्री आमची वीज गेली.
लिफ्ट बंद, शेजारच्या शिजोचं बाळ रडून रडून निळं,
भिंतीला पाठ टेकवली तर चटका.
समोर दुबई लखलखीत, जणू मुद्दाम.
फोन वाजला. ‘सेवा झोपली वाटतं?’
मी बोलले नाही. बोलायला हवा लागते.
मग तिची ट्यूबही विझली.
झोपली असेल एसीत, गोधडी घेऊन.
मला राग आला, खोटं कशाला सांगू.

वीस मिनिटांनी जिन्यात चपला वाजल्या.
सात मजले चढून कालिंदी,
गाऊनवर ओढणी, हातात बिर्याणीचं पातेलं,
पातेल्यात बर्फ, वर टॉवेल, टॉवेल ठिबकतोय.
‘चालत आले,’ धापा टाकत म्हणाली,
‘टोल वाचला.’

बर्फ वाटला. बाळाला, शिजोच्या आईला,
खाली गुलजमान वॉचमनला वाटीभर.
एक तुकडा तिच्याच कपाळावर धरला मी.
ती बाल्कनीत उभी, डोळे बारीक करून.
‘ह्यातलं माझं घर कुठलं ग?’
मला रोज दिसणारी खिडकी
तिला सापडेना. दिवा तिनंच घालवलेला.
‘इथून बरी दिसते हां दुबई.’
‘म्हणून तर इथं राहतो,’ मी म्हटलं.

पहाटे चारला वीज आली.
पातेलं अजून माझ्याकडेच आहे.
ती म्हणते, आणून दे.
मी म्हणते, येईन एखाद्या रविवारी,
पाऊण तास लागतो बाई, शिवाय पार्किंग.