चमच्यावरची वाफ

सातपूरहून सेकंड शिफ्ट करून येतो
तेव्हा घर झोपलेलं, जागा फक्त तिचा श्वास.
घर्र. थांब. घर्र.
उशीवर लाळेचा डाग, ओठ उललेले.

"तोंड मीट, माशी जाईल," असं मीच म्हणायचो.
शाळेच्या फोटोतही रुंजीचंच तोंड उघडं.
ऑक्टोबरात खोकला, दिवाळीत कान, मग छाती भरली;
खैरनारांचं वाफेचं मशीन आमच्याकडेच राहिलं,
त्यांनीही परत मागितलं नाही.

कॉलेज रोडच्या डॉक्टरबाईंनी
स्टीलची गार पट्टी तिच्या नाकाखाली धरली.
म्हणाल्या, बघा, कोरडी.
नाकामागं मांस वाढलंय.
नाक हवा गाळतं, तिला ऊब देतं;
ही सगळं कच्चंच गिळते:
गोदाकाठचं धुकं, रस्त्याची धूळ, वर्गातलं पडसं.

मी अकरा वर्षं एअर फिल्टर जोडतोय.
फिल्टर चोंदला की मशीनवर लाल दिवा लागतो.
इथं तो दोन वर्षं लागलेला होता
आणि मी त्याला घोरणं म्हणत होतो.

ऑपरेशननंतरची नववी रात्र.
कुलूप काढलं. आत काहीच ऐकू येईना.
काहीच.
मांडणीवरचा चमचा उचलला, डिसेंबरनं बर्फ केलेला,
आणि तसाच धावलो, धरला तिच्या नाकाखाली.

दोन ठिपके. ज्वारीच्या दाण्याएवढे.
उमटले, विरले, उमटले.
डावा जरा फिकट.

मीनाक्षी डोळे न उघडता म्हणाली,
"चपला."